बाजारभाव कोणता धरावयाचा?

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाच्या कार्यकक्षेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मान्यता दिली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने सार्वजनिक उपक्रम व खाजगी क्षेत्र यांतील वेतनमानही विचारात घ्यावे, असे तीत नमूद आहे. राज्यातील शिक्षक-कारकुनांचे वेतन बहुधा केंद्राच्या मागोमाग ठरते. त्यामुळे खाजगी क्षेत्रातील वेतन म्हणजे नेमके कोणाचे वेतन, हा प्रश्न दिल्लीपुरता उरत नाही.

सातव्या आयोगाने अशी तुलना अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेकडून करविली होती. २०१५ च्या अहवालानुसार सरकारातील सर्वांत कनिष्ठ मदतनीसाची एकूण प्राप्ती दरमहा २२,५७९ रुपये, तर पाहणीतील खाजगी संस्थांत ती ८,००० ते ९,५०० रुपये भरली. यावरून सरकारी शिपाई अवाजवी पगार घेतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; परंतु तो न्याय्य नव्हे. निम्म्याहून कमी असलेला हा पगार कामाचे मोल दाखवितो की कामगाराची अगतिकता, हे केवळ आकडा सांगत नाही. खुद्द त्या आयोगानेही १८,००० रुपयांचे किमान वेतन बाजाराकडे पाहून ठरविले नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने स्वीकारलेल्या, डॉ. ॲक्रॉइड यांच्या आहारमानावर आधारलेल्या गरजांच्या हिशेबाने ते ठरविले.

याचा अर्थ तुलना निरर्थक आहे असा नाही. ती कोणत्या साधनाने करावयाची, हे आधी ठरले पाहिजे. वार्षिक उद्योग पाहणीत हिशेबाच्या वह्यांवरून वेतन कळते, पण ते नोंदणीकृत कारखान्यांपुरते. शाळा आणि पेढ्या तीत नाहीत. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सर्व क्षेत्रांत पोहोचते, तथापि तेथील मिळकत कुटुंबाने सांगितलेली असते. सल्लागार कंपन्यांच्या पाहण्यांत प्रायः मोठ्या आस्थापनांचाच भरणा. नोकरीच्या जाहिरातीतील रकमेत तर मालकाची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी आणि उपदानही अनेकदा मिळविलेले असते. हाती पडणारा पगार निराळाच.

म्हणून आयोगाने चार पथ्ये पाळावीत. हुद्द्याच्या नावाची नव्हे, प्रत्यक्ष कामाची तुलना व्हावी. सरासरीऐवजी मध्यांक पाहावा; चार बड्या पगारांनी सरासरी फुगते. आकडे कोणत्या महिन्याचे व कोणत्या शहराचे, हे स्पष्ट असावे. आणि निवृत्तिवेतन व नोकरीची शाश्वती यांचे मोल दोन्ही पारड्यांत उघडपणे मांडावे.

एकाच महाविद्यालयात एकच विषय शिकविणारे दोन अध्यापक असतात, एक वेतनश्रेणीवर व दुसरा तासिका तत्त्वावर. दुसऱ्याचे मानधन हाच अध्यापनाचा बाजारभाव मानला, तर पहिल्याचे वेतन उधळपट्टी ठरेल. आणि हा बाजारभाव घडविला कोणी, तर मंजूर पदे रिक्त ठेवणाऱ्या शासनानेच! आपणच पाडलेला भाव आपल्याच नोकराला दाखविणे ही तुलना नव्हे. तिला वेतनकपातीची पूर्वतयारीच म्हणावे लागेल.