स्वस्त मक्ता, महाग आवार

सार्वजनिक पैशाच्या बाबतींत आपल्या समाजांत एक समज फार खोल रुजला आहे. तो असा कीं, ज्याचा आंकडा सर्वांत लहान त्यास काम देणें, हाच प्रामाणिक कारभार होय. ग्रंथालयाच्या वाहनतळाचें नूतनीकरण हा विषय साहित्यविषयक मासिकास कदाचित् क्षुल्लक वाटेल. परंतु या समजाची खरी परीक्षा असल्या लहान कामांतच होते.

या नियमाचा हेतु चांगला आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. बंद लखोटे ठरल्या वेळीं सर्वांसमक्ष फोडले आणि निर्णय केवळ आंकड्यावर झाला, म्हणजे चालकांच्या आप्तेष्टांस मक्ता मिळण्याची वाट बंद होते, असें त्याचे कैवारी म्हणतात. हल्लीं लखोट्याची जागा पुष्कळ ठिकाणीं संगणकानें घेतली आहे, तत्त्व तेंच. परंतु दरांची तुलना न्याय्य ठरावयास सर्वांनीं एकाच कामाचा दर दिलेला असावा लागतो, आणि येथेंच घोडें पेंड खातें.

वाहनतळाचें आयुष्य वर दिसणाऱ्या फरशीवर ठरत नाहीं. खालची माती किती दाबली, खडीचा थर किती जाड घातला, पावसाच्या पाण्यास उतार कोणीकडे दिला, यांवर तें ठरतें. निविदेंत ‘आवारांत फरसबंदी करणें, इतके चौरस मीटर’ एवढेंच लिहिलें, तर पुरती खडी घालणारा आणि निम्मी खडी घालणारा एकाच रांगेंत बसतात. आणि दुसऱ्याचा दर कमी असल्यामुळें मक्ता त्यासच मिळतो. यांत मक्तेदारास शिव्या देण्यांत अर्थ नाहीं. प्रामाणिक मनुष्यास दाराबाहेर काढण्याचें काम आपल्या कागदानेंच केलेलें असतें. पुढें दोन पावसाळ्यांत फरशी खचते, पाणी इमारतीच्या जोत्याकडे वळतें, भिंतींस ओल येते, आणि बुरशी व वाळवी ग्रंथांच्या कपाटांपर्यंत पोंचतात.

हा खर्च शेवटीं कोण सोसतो? मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यानें ग्रंथालयांसाठीं स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यांत तसा कर नाहीं. म्हणून आपलीं बहुतेक वाचनालयें अनुदान, वर्गणी आणि देणग्या यांवर जगतात. तेंच आवार तिसऱ्या वर्षीं पुन्हां उकरावें लागलें, म्हणजे त्या वर्षींच्या नव्या पुस्तकांवरच कुऱ्हाड येते.

गुणवत्तेचा विचार केल्यास वशिल्यास मागील दार उघडतें, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाहीं. पण गुण कशास व किती द्यावयाचे हें आधीं जाहीर करावें, आणि दर उघडण्यापूर्वीं ते कागदावर मांडावेत, म्हणजे तें दारही लागतें. केंद्रीय अर्थखात्यानें ऑक्टोबर २०२१ मध्यें केंद्राच्या कांहीं बांधकामांसाठीं गुणवत्तेस ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली, ती उगाच नव्हे. आपल्या लहान ग्रंथालयांस मोठ्या गुणपत्रकाचीही गरज नाहीं. निविदेंत थरांची जाडी आणि उतार लिहावा. चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकाच्या वाहनासाठीं दाराजवळ ३.६ मीटर रुंदीची जागा दाखवावी; फरशी झांकण्यापूर्वीं खालचे थर मोजून घ्यावेत; अनामत रकमेचा कांहीं भाग तीन पावसाळे रोखून ठेवावा; आणि आलेले सर्व दर व मोजमापें सूचनाफलकावर लावावींत. एवढें केल्यावर सर्वांत कमी दर निवडला, तर तो निर्धास्तपणें निवडावा.

वर्गणी भरली कीं आपलें कर्तव्य संपलें, असें सुशिक्षित कुटुंबें मानतात, म्हणूनच हें सारें चालतें. यापुढें वाचनालयाच्या वार्षिक सभेस जाल, तेव्हां ‘काम कितीला दिलें?’ या प्रश्नावर थांबूं नका. ‘खालीं काय घातलें?’ हेंही विचारा.