एका नावाचे दोन वारस

मालवणच्या किनाऱ्यावर ‘रापण’ हा एकच शब्द तीन कामे बिनबोभाट करीत आला आहे. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून मग दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढून घ्यावयाचे ते लांबलचक जाळे म्हणजे रापण. ते ओढणाऱ्या आणि मिळालेली मासळी वाट्यांप्रमाणे वाटून घेणाऱ्या मंडळींचा संघ म्हणजेही रापण. आणि ओढण्याचा तो सारा उद्योग म्हणजेही रापणच. ‘रापण फाटली’ म्हटले की जाळे डोळ्यांपुढे येते, ‘तो आमच्या रापणीचो’ म्हटले की माणूस. ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही, कारण सोबतचे शब्दच अर्थाचा निवाडा करून टाकतात. संगणकाच्या भाषांत याच सोयीला मेथड ओव्हरलोडिंग म्हणतात: नाव एकच, पण त्याच्या हाती कोणता ऐवज दिला आहे यावरून कोणते काम करावयाचे ते ठरते.

इथवर सारे सुरळीत आहे. तकरार उद्भवते ती या सोयीची गाठ वारसाहक्काशी पडली म्हणजे. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड या दोघांनी ‘सिम्युला ६७’ या भाषेत वर्ग आणि उपवर्ग ही कल्पना रुजविली, तेव्हापासून एका वर्गाची मालमत्ता दुसऱ्या वर्गाकडे वारशाने जाऊ लागली. वारसाला वडिलांचे काम आपल्या पद्धतीने नव्याने करण्याची मुभा असते. तिला ओव्हरराइडिंग म्हणतात. नावे इतकी सारखी की विद्यार्थी ती परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो आणि दुसऱ्या दिवशी उलटी लिहितो. वस्तुतः दोन्हींचा निवाडा वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दरबारात होतो. बर्फाच्या खोक्यावर ‘मासळी’ एवढीच चिठ्ठी डकविलेली आहे आणि आत मात्र सुरमई आहे, असे समजा. नाक्यावरचा कारकून खोके उघडत नाही; तो चिठ्ठी वाचतो आणि मासळीच्या दराने पावती फाडतो. ओव्हरलोडिंगचा निकाल हा कारकून, म्हणजे कंपायलर, प्रोग्रॅम चालू होण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो. ओव्हरराइडिंगचा निकाल मात्र बाजारात, खोके उघडल्यावर, आत प्रत्यक्ष काय निघाले ते पाहून लागतो.

यात भाषांचे आपापसांत एकमत नाही, हे विशेष. बियार्ने स्ट्रूस्ट्रूप यांच्या सी-प्लस-प्लसमध्ये उपवर्गाने एखाद्या नावाचे एकच नवे काम जाहीर केले, तरी त्या नावाची वडिलांकडची सर्व कामे झाकली जातात. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. ते एकदा ठेवले की अंगणातून मारलेल्या हाकेला नातूच धावून येतो. (घरची सून सासऱ्याचे नाव घेत नसल्यामुळे ती नातवाला बाबू किंवा बाळा म्हणून वेळ निभावून नेई, हा भाग निराळा.) वडिलांची कामे परत हवी असतील तर ‘युझिंग’ या शब्दाने ती स्पष्टपणे मागून घ्यावी लागतात. १९९५ साली आलेल्या जावाने उलट मार्ग धरला: तेथे वडिलांची आणि मुलाची कामे एकाच दप्तरात शेजारी शेजारी नांदतात, आणि हाक कोणासाठी होती ते दरवेळी ताडून पाहिले जाते. मला जावाचा मार्ग अधिक उदार वाटतो आणि अधिक धोक्याचाही.

धोका कसा, ते माझ्या भाच्याने मला दाखविले. होड्यांच्या नोंदवहीचा एक लहानसा प्रोग्रॅम त्याने जावात लिहिला होता. एकाच नोंदणी क्रमांकाची होडी यादीत दोनदा येऊ नये, एवढीच अपेक्षा. त्यासाठी दोन होड्या एकच आहेत काय हे सांगणारी ‘इक्वल्स’ ही मेथड त्याने लिहिली, तिच्या कंसात ‘होडी’ हा प्रकार घातला, आणि यादीत तीच होडी तिसऱ्यांदा जाऊन बसली तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. जावातील सर्व वर्गांचा मूळपुरुष ‘ऑब्जेक्ट’. त्याच्या ‘इक्वल्स’च्या कंसात ‘ऑब्जेक्ट’ असतो, आणि यादी विचारपूस करते ती त्याच्याकडेच. भाच्याला वाटले आपण वडिलांचे काम बदलले. प्रत्यक्षात त्याने त्याच नावाचे आणखी एक काम शेजारी थाटले होते. कंपायलरने चकार शब्द काढला नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बेकायदा घडले नव्हते.

जमिनीच्या बाबतीत असा प्रकार आपण खपवून घेत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारशाने हक्क मिळालेल्याने तो तीन महिन्यांच्या आत कळवावयाचा असतो; वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये, फेरफाराची नमुना सहामध्ये, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला मुदत, आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर मगच सातबारावर अंमल. हक्काची नोंद निःसंदिग्ध नसली म्हणजे काय होते, ते आंबोली, गेळे आणि चौकुळ येथील कबुलायतदार गावकर जमिनींविषयी सावंतवाडी तालुक्यात कोणालाही विचारावे. जावाने २००४ पासून आणि सी-प्लस-प्लसने २०११ पासून ‘मी वडिलांचे काम बदलीत आहे’ असे जाहीर करण्याची खूण उपलब्ध करून दिली आहे. ती लावली आणि वडिलांकडे तसे काम नसले, तर कंपायलर तिथेच हरकत घेतो. पण ही खूण ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नोंद म्हणजे न केलेली नोंद. कोटलिन या भाषेने ती सक्तीची केली. माझ्या मते तोच एक शहाणपणाचा कायदा होय.

भाषा बदलणे आपल्या हाती नाही, शिकविणे आहे. पदविकेच्या अभ्यासक्रमात सी-प्लस-प्लस आणि जावा दोन्ही शिकविल्या जातात, आणि ओव्हरलोडिंग व ओव्हरराइडिंग यांतील फरकाचा तक्ता मागणारा प्रश्न आमच्या पोरांना मुखोद्गत असतो. तो तक्ता पाठ करून पूर्ण गुण मिळविलेल्या मुलाचीच होडी यादीत तीनदा गेली होती. तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुढल्या खेपेस तक्ता मागू नका. तो होडीचा दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम छापा, आणि यादीत किती होड्या निघतील ते विचारा.