तारदोराचा हिशेब

शाळांची दिवाळीची सुट्टी बहुधा चातुर्मासातच येते आणि चातुर्मासातच संपते. आमच्या घरी आईचा या काळात प्रवासाला विरोध असतो, म्हणून मुलांचे फिरणे दरवर्षी नाताळच्या सुट्टीवर जाते. या वेळी धाकटीने दिवाळीतच जाहीर करून टाकले होते की आपल्याला कुठल्याही रिसॉर्टच्या हिरवळीवर बसायचे नाही, झिपलाइन करायची आहे. डोंगरातल्या झाडांच्या शेंड्यांवरून तारेला लटकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. वय वर्षे तेरा.

तिच्या आईने लगेच जून 2025 मधील बातमीची आठवण करून दिली. सुट्टीसाठी मनालीला गेलेल्या नागपूरच्या एका कुटुंबातील लहान मुलगी झिपलाइनवरून जाताना पट्ट्याचा दोर तुटून खाली पडली आणि गंभीर जखमी झाली. ती चित्रफीत तेव्हा प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर फिरली होती. तरीही मी होकार दिला. त्यामागे लेकीवरील माया होती, तसा थोडा अहंकारही होता. गेली सव्वीस वर्षे कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी जो माल विकतो तो हाच आहे : वायर रोप, शॅकल, क्लॅम्प, टर्नबकल. तारेच्या बाबतीत मला कोण काय शिकवणार, असे मनात होते.

नवीन पनवेलहून पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे असे करत आम्ही पाच जण कोलाडच्या परिसरात पोहोचलो. कुंडलिका नदी, दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या उतारावरचे ऐन-किंजळीचे जंगल. जागा देखणी आहे, यात शंका नाही. आगाऊ पैसे भरून ठरवलेल्या कॅम्पमध्ये भोजनाला ‘जैन’ म्हणून बटाट्याची भाजी समोर आली, तेव्हा आम्ही सोबतच्या थेपल्यांवर आणि दह्यावर भागवले. त्याचे काही वाटले नाही, याची सवय आहे.

मचाणावर मुलांच्या अंगावर पट्टे चढवत असताना मी सवयीने तारेजवळ गेलो. आमच्या धंद्यात जुना दोर तपासण्याची एक साधी रीत आहे. फडके घेऊन दोरावरून हलक्या हाताने फिरवायचे. आतली बारीक तार कुठे तुटली असेल तर तिचे कुसळ फडक्यात अडकते. मी खिशातला रुमाल फिरवला. हातभर अंतरात तो तीन ठिकाणी अडकला. मग टोकाकडे पाहिले. दोर सरळ ऐनाच्या खोडाभोवती गुंडाळून सालीत रुतवलेला होता, आणि त्याला जे बुलडॉग क्लॅम्प लावले होते ते उलटे होते. ज्या बाजूवर भार येतो त्या बाजूला क्लॅम्पची बैठक असावी लागते आणि यू-बोल्ट कापलेल्या टोकाच्या बाजूला. उलटा लावला की यू-बोल्ट भार घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. दुकानात नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवतात. सोबतीला दुसरा, सुरक्षेचा दोर नव्हताच.

तिथल्या तरुणाला मी विचारले, “हा दोर कुठून आणला?”

तो अभिमानाने म्हणाला, “कळंबोलीचा माल आहे, शेठ. क्रेनवर चाललेला. हलका नाही.”

“कोणत्या पेढीचा?”

ते त्याला ठाऊक नव्हते. मालकाने आणला होता.

मी मुलांचे पट्टे सोडायला सांगितले. धाकटी सर्वांसमोर म्हणाली, “पप्पा, तुम्ही घाबरलात.” पुतण्या काहीच बोलला नाही, ते अधिक लागले. पैसे परत मिळणार नाहीत, असे कॅम्पवाल्याने सांगितले आणि व्यापाऱ्याला भरलेले पैसे सोडताना जे होते ते मलाही झाले. क्षणभर असेही वाटले की एवढे लोक रोज जातात, काही होत नाही. त्याच वेळी आमच्यामागे रांगेत उभे असलेले एक जोडपे पुढे सरकले. मी त्यांना क्लॅम्प दाखवला, रुमाल दाखवला. नवरा हसला आणि गेला. सुखरूप पलीकडे पोहोचलाही. धाकटीने माझ्याकडे पाहिले.

रात्री तिला मी वहीत गणित मांडून दाखवले. समजा, दोर दोनशे मीटर लांब आहे आणि मधोमध माणूस लटकला असता पाच मीटर झोळ पडतो. माणसाचे वजन सत्तर किलो. वजनाला लांबीने गुणायचे आणि झोळाच्या चौपटीने भागायचे. उत्तर येते सातशे किलो. माणूस सत्तर किलोचा, पण दोराला तो सातशे किलोचा वाटतो, आणि दोराचे स्वतःचे वजन त्यात धरलेलेच नाही. दोर जितका ताठ बांधाल, तितका हा ताण वाढतो. झोळ निम्मा केला तर ताण दुप्पट. बारा मिलिमीटरचा चांगला नवा दोर आठ टनांच्या आसपास तुटतो, म्हणजे वर बरीच शिल्लक राहते. ती शिल्लक चैनीसाठी नसते. माल उचलणाऱ्या दोरापेक्षा माणूस वाहणाऱ्या दोराला ती अधिक ठेवावी लागते, कारण गोणी पडली तर नुकसान भरून देता येते. क्रेनवर झिजलेल्या दोरात ती किती उरली, हे कोणी सांगू शकत नाही.

“मग ते काका पडले कसे नाहीत?” तिने विचारले.

याचे उत्तर तारदोराच्या जन्मकथेतच आहे. पूर्वी खाणींतून माल वर काढायला लोखंडी साखळ्या वापरत. साखळीची एक कडी तुटली की सारेच खाली, तेही कोणतीही सूचना न देता. जर्मनीतील क्लाउस्टालचे खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 मध्ये लोखंडी तारा पिळून दोर तयार केला आणि तो तिथल्या खाणीत वापरात आणला. या दोराचा गुण असा की तो एकदम तुटत नाही. आधी एक बारीक तार जाते, तिचा भार शेजारच्या तारा उचलतात. मग दुसरी जाते. पेड शाबूत दिसतो, काम चालू राहते. पाहणाऱ्याला दिसावे म्हणून तो बराच काळ सांगत असतो. पाहणाराच नसेल तर एके दिवशी सगळे एकदम संपते.

हे सांगताना मला अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार ही आपल्याकडची पायरी आठवली. व्रतही असेच तारेतारेने तुटते. आधी मनात येते, मग पाऊल वळते, मग थोडासा भंग होतो, आणि तोवर बाहेरून सारे जसेच्या तसे दिसत असते. धाकटीला हे सांगितले नाही. ती झोपली होती आणि मला झोप येत नव्हती, कारण ‘कळंबोलीचा माल’ हे शब्द कानातून जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ठिकाणी गेलो. राज्य शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यवसायाला पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मी आधी मागितले आणि त्यांनी न कुरकुरता दाखवले. तिथे काँक्रीटमध्ये रोवलेले पोलादी खांब होते, वर-खाली दोन दोर, दोन कप्प्या, दोन पट्टे. रोज सकाळी तपासणी करून सही करायची वही होती. मी रुमाल फिरवला, कुठेही अडकला नाही. तिथला मुख्य माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, “आम्ही पण असेच करतो.” त्या एका वाक्याने माझा निम्मा भार उतरला.

आधी मी गेलो. मचाणाची कड सोडताना पोटात जो खड्डा पडतो त्याला माझ्याजवळ शब्द नाही. ओठांवर नवकार होता, पण पहिल्या पदाच्या पुढे काही जमले नाही. मग एकाएकी आवाज फक्त कप्पीचा. खाली ऐनाची पिवळी पडू लागलेली पाने, बांबूची बेटे, एका फांदीवर मान वर करून माझ्याकडे पाहणारे वानर आणि त्याहून खाली नदीचा हिरवट पट्टा. एरवी जंगलात शिरलो की पायाखाली किती जीव येत असतील, या विचाराने मी बिचकत चालतो. इथे पाय कशालाच लागत नव्हते. कोस्टारिकाच्या पर्जन्यवनात 1970 च्या दशकात जीवशास्त्रज्ञांनी दोर बांधले ते झाडांच्या माथ्यावरची जीवसृष्टी तिथे जाऊन पाहता यावी म्हणून. पर्यटकांचा हा खेळ मागाहून आला. वीस-बावीस सेकंदांत सारे संपले. मागून धाकटी ओरडत, हसत आली आणि पट्टे सोडण्याआधीच म्हणाली, “पप्पा, परत.” पुतण्याने मोठे पप्पा किती जोरात ओरडले, याची नक्कल चौविहारापर्यंत चालवली. मला तर मी ओरडल्याचे आठवत नाही.

सोमवारी पेढी उघडली. मागच्या गाळ्यात जुन्या दोरांची वेटोळी पडलेली असतात. क्रेनवाल्यांकडून, बंदराच्या लिलावातून आम्ही ती वजनावर घेतो आणि मीटरवर विकतो. कोणी कुंपणाला नेतो, कोणी विहिरीच्या कामाला, कोणी मांडवाला. त्या दिवशी बसून मागील तीन वर्षांची बिले काढली. ‘वायर रोप जुना, 12 मिमी’, मीटर, रक्कम, रोख. कोणत्या कामाला, हे एकाही बिलावर नव्हते. तो दोर आमचा होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी लिहिण्यासाठी मी हे सदर दोन अंक पुढे ढकलले. जुन्या दोराला काळे ग्रीस चोपडून ठेवायची पद्धत आमच्या पेढीवर आहे. त्याने गंज थांबतो, हे खरे. त्याने तुटक्या तारा झाकल्या जातात, हेही खरे. ही पद्धत वडिलांच्या काळातली नाही, मी सुरू केली. तिसऱ्या व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो, एक दाखवून दुसरे देणे. प्रतिक्रमणात ते नाव कितीदा कानावरून गेले असेल. मला नेहमी तुपात भेसळ करणारा कोणी दुसरा माणूस डोळ्यांसमोर येत असे.

धाकट्या भावाचे म्हणणे वेगळे आहे. “दादा, आपण जुना म्हणूनच विकतो, बिलावर तसे लिहितो. घेणारा त्याचे काय करतो, ते पाहणे आपले काम आहे का? उद्या चाकू विकणाऱ्यानेही विचारत बसायचे?” त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे, असे मला म्हणता येत नाही. पण आठवडाभर वाद घालून आम्ही एका गोष्टीवर आलो. ज्या दोरात रुमाल अडकेल तो कटरने हातभर लांबीचे तुकडे करून भंगारातच जाईल. भंगाराचा भाव जुन्या दोराच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. पहिल्या दिवशी तुकड्यांचा ढीग पाहून भाऊ जेवायला घरी गेला नाही.

त्या पहिल्या कॅम्पच्या मालकाला मी फोन केला. क्लॅम्प उलटे आहेत, दोर बदला, चाचणी-प्रमाणपत्रासह नवा दोर खरेदीच्या भावाने देतो, दोन दोरांपुरता, लावायला माणूसही पाठवतो, असे सांगितले. पंधरा दिवसांत काही झाले नाही तर पर्यटन कार्यालयाला लेखी कळवीन, हेही सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “शेठ, विचार करून कळवतो.” आज नववा दिवस आहे. पत्राचा मसुदा धाकटीने स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवला आहे.