टोल्याचा पल्ला

गेल्या महिन्यांत या सदराकडे एका वाचकबंधूंचें पत्र आलें. नोकरींतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षें झालीं. प्रकृति चांगली आहे. घर मुलासुनांनीं आणि नातवंडांनीं भरलेलें आहे. मोकळ्या हवेंत कांहीं व्यायाम व्हावा म्हणून धाकट्या चिरंजीवांच्या आग्रहावरून ते गोल्फ खेळूं लागले. खेळ आवडला, पण एक शल्य मनांत राहिलें. चिरंजीवांचा चेंडू सव्वादोनशें यार्डांपलीकडे जाऊन पडतो आणि वडिलांचा दीडशांवर थबकतो. ही तूट भरून काढण्यासाठीं त्यांनीं जोर वाढविला. तेव्हां पल्ला तर वाढला नाहींच, उलट कंबर धरली आणि पंधरा दिवस अंथरुणावर काढावे लागले. ते लिहितात, "घरांत कोणी कांहीं बोलत नाहीं, पण बाबांनीं आतां हा नाद सोडावा, असें सर्वांच्या डोळ्यांत दिसतें. नाद सोडूं, कीं पल्ला वाढविण्याची कांहीं युक्ति आहे?"

या पत्राचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें तर तें असें, कीं नाद सोडूं नये, जोर सोडावा. पण एवढ्यानें कोणाचेंच समाधान होणार नाहीं; म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. आपल्या देशांत तो पुष्कळ आधीं आला. कलकत्त्याचा क्लब 1829 सालचा असून ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना क्लब म्हणून त्याची ख्याति आहे. मुंबईंत चेंबूरचें मैदान 1927 सालापासूनचें. फार काळ हा साहेबलोकांचा खेळ म्हणून आपण कुंपणाबाहेरून पाहिला. कुंपणाच्या आंत आपल्यापैकीं जीं माणसें होतीं, तीं बहुधा खांद्यावर पिशव्या वाहणारीं कॅडीचीं पोरें. पण त्यांच्यापैकींच एक, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर, यानें 1991 सालीं इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. व्यवसाय म्हणून खेळणाऱ्या भारतीयानें ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. पिशवी वाहतां वाहतां दुसऱ्याचा झोका नीट पाहणें, ही सुद्धां एक शाळाच आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. चेंडूचें वजन 45.93 ग्रॅमपेक्षां अधिक असूं नये आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षां कमी असूं नये, असा नियम आहे. म्हणजे मोठ्या लिंबाएवढी ही वस्तु. कांठीचें डोकें तिला लागतें तें किती वेळ? सेकंदाचा सुमारें दोन हजारावा भाग. इंग्लंडांत कोक्रन आणि स्टॉब्ज या दोघांनीं शास्त्रज्ञांच्या साह्यानें या खेळाची कसून तपासणी केली व 1968 सालीं 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखविलें, कीं आघाताचा धक्का दांड्यांतून हातांपर्यंत पोंचतो तेव्हां चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे 'लागला' असें आपणांस कळतें तें सर्व संपल्यावर! मग त्या क्षणीं दांत-ओठ खाऊन लावलेला जोर कोणाच्या उपयोगीं पडणार? चेंडूला आपलें वय कळत नाहीं, दंड कळत नाहींत, निश्चयहि कळत नाहीं. कांठीचें डोकें किती वेगानें आलें, कोणत्या दिशेनें आलें, तोंड कसें वळलेलें होतें आणि नेमक्या कोणत्या जागीं लागलें, एवढ्याच गोष्टी त्याला कळतात.

यांपैकीं वेगाचा हिशेब सोपा आहे. डोक्याचा वेग ताशीं एक मैलानें वाढला, तर पल्ला सुमारें अडीच यार्डांनीं वाढतो. (यार्ड म्हणजे आपल्या कापडवाल्याचा वार.) नामांकित व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा वेग सरासरीनें ताशीं 115 मैलांच्या आसपास असतो, हौशी गृहस्थांचा नव्वदीच्या घरांत, आणि साठी उलटलेल्यांचा त्याहूनहि कमी. पण वेग असून चेंडू कांठीच्या तोंडाच्या मध्यभागीं लागला नाहीं, तर तो वेग फुकट. मध्यावर बसलेल्या टोल्यानें चेंडूला कांठीच्या जवळजवळ दीडपट वेग मिळतो; अर्धा इंच इकडेतिकडे झालें कीं त्यांत लगेच तूट येते. जोर करूं जातां शरीर हलतें, शरीर हललें कीं मध्य चुकतो. आमच्या वाचकबंधूंचा पल्ला जोर लावूनहि कां वाढला नाहीं, याचें उत्तर येथेंच आहे. दोन मैलांची मिळकत करतांना त्यांनीं पांच मैलांचें नुकसान केलें.

मग वेग येतो कोठून? ज्यांनीं लहानपणीं गोफण फिरविली असेल त्यांना हें निराळें सांगावयास नको. जोंधळ्याच्या शेतांत माळ्यावर उभा राहून पांखरें हांकलणारा राखण्या कांहीं पहिलवान नसतो. तरी त्याचा दगड सूं सूं करीत जातो, कारण त्याचा हात फिरतो थोडा आणि दगड फिरतो फार. आसुडाचेंहि तसेंच, ओढणारा हात शेवटीं थांबतो, तेव्हांच आसुडाचें टोंक कडाडतें. गोल्फचा झोका हीच किमया आहे. खांद्यापासून हातापर्यंत एक दांडा आणि मनगटापासून कांठीच्या डोक्यापर्यंत दुसरा, असे हे दोन दांडे मनगटाच्या बिजागरीनें जोडलेले आहेत असें समजावें. पहिला दांडा आधीं फिरतो, आणि त्याचा वेग मंदावतां मंदावतां तो सारा वेग दुसऱ्यांत उतरतो. मनगट आधींच उलगडलें तर वेग चेंडूपाशीं येण्यापूर्वींच खर्च होतो. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक हीच. वर गेलेली कांठी खालीं आणण्याच्या घाईंत तो हातांनींच तडाखा देऊं पाहतो.

खरा क्रम खालून वर जाणारा आहे. प्रथम भार डाव्या पायावर येतो, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती, मग हात आणि अगदीं शेवटीं कांठी. (हें उजव्या हातानें खेळणाऱ्यांसाठीं, डावखुऱ्यांनीं उलट समजावें.) कांठी वर नेतांना मात्र घाई नको. पाठ लक्ष्याकडे वळेपर्यंत ती सावकाश न्यावी. खालीं येण्यास जेमतेम पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळांत विचार करून कांहीं सुधारतां येत नाहीं. जें काय करावयाचें तें आधींच्या पवित्र्यांत आणि पकडींत करून ठेवावें लागतें.

पवित्रा असा घ्यावा. पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षां किंचित् अधिक अंतरावर असावेत, गुडघे सैल असावेत, कंबरेंतून थोडें वांकावें, पाठीला पोंक काढूं नये. लांब टोल्याच्या वेळीं चेंडू डाव्या टांचेच्या समोर असावा आणि टीवर इतका उंच बसवावा, कीं त्याचा अर्धा भाग कांठीच्या डोक्याच्या वर दिसावा. असें केल्यानें कांठी वर चढूं लागतांना चेंडूला भेटते. पकडीविषयीं सांगावयाचें तर हॅरी वॉर्डन या खेळाडूनें रूढ केलेली पकड आजहि बहुतेक जण घेतात. त्यानें 1896 ते 1914 या काळांत सहा वेळां ब्रिटनची ओपन स्पर्धा जिंकली. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर टेंकते, त्यामुळें दोन्ही हात एकाच हातासारखे चालतात. मूठ मात्र आवळूं नये. हातांत चिमणीचें पिल्लूं धरावें, इतकीच ती घट्ट असावी; मूठ आवळली कीं मनगट ताठरतें आणि बिजागरी गंजल्यासारखी होते.

आतां वेगाइतकीच महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी एक गोष्ट सांगावयाची आहे. तिचा शोध लावणाऱ्याची कथा आमच्या वाचकबंधूंनीं मुद्दाम वाचावी. एडिंबरोच्या विद्यापीठांत पीटर गथ्री टेट नांवाचे पदार्थविज्ञानाचे थोर प्राध्यापक होते. त्यांना गोल्फचें वेड होतें. चेंडू साध्या दगडासारखा उडाला, तर त्याला एवढा काळ हवेंत राहतां येणार नाहीं, असें त्यांचें गणित सांगे; प्रत्यक्षांत तो राही. हें कोडें सोडवितांना त्यांनीं चेंडूला एक लांब फीत बांधली, चेंडू टोलवून जवळच्या मातीच्या ढिगांत रुतविला, आणि फितीला किती पीळ पडले तें मोजलें. त्यावरून सिद्ध झालें, कीं चांगला टोला चेंडूला उलटी फिरकी देतो, आणि त्या फिरकीमुळें हवा चेंडूला वर उचलून धरते. 1893 सालापासून त्यांनीं हें शास्त्रीय निबंधांतून मांडलें. चेंडूच्या अंगावरच्या खळ्याहि याच कामाच्या. त्या नसत्या तर तोच टोला सुमारें निम्म्या अंतरावरच संपला असता.

या प्राध्यापकांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नांवाजलेला खेळाडू आणि लांब टोल्यांसाठीं प्रसिद्ध. 1896 आणि 1898 या दोन्ही सालीं तो ब्रिटनच्या हौशी खेळाडूंचा अजिंक्यवीर झाला. वडिलांनीं गणितानें ठरविलेली मर्यादा मुलानें एका टोल्यांत ओलांडली, अशी एक आख्यायिका अजून सांगतात. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. पण बापानें सिद्धांत मांडावा आणि पोरानें मैदानावर तो पुढें न्यावा, यांत कोणत्या बापाला उणेपण वाटेल? पुढें फ्रेडी सैन्यांतून दक्षिण आफ्रिकेच्या बोअर युद्धावर गेला आणि 1900 सालच्या फेब्रुवारींत तीस वर्षांचा होऊन पडला. पुढच्याच वर्षीं जुलईंत प्राध्यापकहि गेले. मुलाचा चेंडू आपल्यापुढें शंभर पावलें पडलेला पाहण्याचें सुख त्यांच्या वाट्यास फार दिवस आलें नाहीं. ज्यांच्या वाट्यास तें रोज सकाळीं येतें, त्यांनीं त्याला शल्य म्हणावें काय?

असो. या फिरकीच्या शोधांतून वयस्कर मंडळींना एक व्यावहारिक धडा मिळतो. वेग कमी असेल तर चेंडू अधिक उंच निघाला पाहिजे. म्हणून तरुणांचें पाहून कमी कलाच्या तोंडाची ताठ कांठी घेऊं नये. बारा अंशांचा किंवा त्याहून थोडा अधिक कल असलेलें डोकें आणि लवचिक दांडा घ्यावा. पुष्कळांचे पंधरावीस यार्ड केवळ चुकीच्या कांठीनें गिळलेले असतात.

सरावासाठीं एक साधा प्रयोग सांगतों. कांठी उलटी धरावी, म्हणजे डोक्याकडची बाजू हातांत घ्यावी, आणि चेंडू न ठेवतां झोका द्यावा. 'सूं' असा आवाज होईल. तो आवाज उजव्या खांद्यापाशीं झाला, तर वेग आधींच खर्च झाला असें समजावें. चेंडूच्या जागीं, किंवा त्याच्या किंचित् पुढें तो ऐकूं येईपर्यंत सराव करावा. दुसरा प्रयोग असा, कीं दोन्ही पाय जुळवून हलकेच टोले मारावेत. तोल जात असेल तर जोर अधिक लागतो आहे, हें पायच सांगतील. रोज दहा मिनिटें पुरेत. शंभर चेंडू एका दमांत मारण्यापेक्षां वीस चेंडू विचारपूर्वक मारावेत.

आणि कंबर! हौशी गोल्फ खेळणाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत कंबरेचें दुखणें सर्वांत अधिक आढळतें. सकाळीं थंड अंगानें थेट मोठी कांठी घेऊं नये. आधीं दहा मिनिटें चालावें, खांदे व कंबर सावकाश वळवावी, मग लहान कांठीनें अर्धे झोके घ्यावेत. ज्यांना झेपतें त्यांनीं सूर्यनमस्कार चालू ठेवावेत. मात्र पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांनीं डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय मैदानावर पाऊल ठेवूं नये.

शेवटीं एक गोष्ट सुचवितों. हल्लीं मोबाईलवर झोक्याचें चलच्चित्र घेतां येतें आणि तें हळू करून पाहतां येतें. आपला झोका आपणांस कधींच दिसत नाहीं. तो दुसऱ्यानेंच पाहावा लागतो. तें काम चिरंजीवांना सांगावें. ज्याला आपण बोट धरून चालावयास शिकविलें, त्याच्या तोंडून "बाबा, घाई करूं नका" हें ऐकून घेण्यास थोडें धैर्य लागतें, हें खरें. पण तेवढें साधलें तर मूठ आपोआप सैल होईल, आणि मूठ सैल झाली कीं पल्ला वाढेल. कदाचित् दहा यार्ड वाढेल, कदाचित् वीस. चेंडू तरीहि चिरंजीवांच्या मागेंच पडेल. पडूं द्यावा. मग पुढचा टोला प्रथम आपण मारावयाचा असतो. कारण खळीपासून ज्याचा चेंडू दूर, त्यानें आधीं खेळावें, अशी या खेळाची जुनी रीत आहे.