सासर सातासमुद्रापार, विधेयक राज्यसभेच्या दप्तरात

सोळाव्या लोकसभेच्या अखेरच्या अधिवेशनाचे जेमतेम दोन दिवस उरले असताना, ११ फेब्रुवारी २०१९ रोजी, तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक मांडले. त्यासाठी वरिष्ठ सभागृह निवडण्यात संसदीय शहाणपण होते. लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक सभागृह विसर्जित होताच व्यपगत होते, राज्यसभेत मांडलेले आणि तेथेच असलेले विधेयक जिवंत राहते. पुढे ते परराष्ट्र व्यवहारविषयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीने मार्च २०२० मध्ये आपला अहवाल सादर केला. त्याच महिन्यात देशाला टाळे लागले. स्वराज यांचे त्याआधीच, ऑगस्ट २०१९ मध्ये, निधन झाले होते आणि विधेयकाचा पाठपुरावा करणारे वजनदार नाव मंत्रिमंडळात उरले नव्हते. नंतर दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या लोकसभा अस्तित्वात आल्या. विधेयकाचा कायदा काही झाला नाही.

राजधानीत एखादे विधेयक का अडते, याची उत्तरे बहुधा विरोधकांच्या गोंधळात किंवा आघाडीच्या गणितात सापडतात. येथे तसे काहीच नाही. कोणत्याही पक्षाने त्याला उघड विरोध केला नव्हता. ज्यांच्यासाठी ते आणले त्या बायका पंजाब, आंध्र, तेलंगण, गुजरात, महाराष्ट्र अशा विखुरलेल्या आहेत. त्यांचा मतदारसंघ नाही, मोर्चा नाही. त्यातल्या बहुतेक जणी माहेरी बसून परदेशी वकिलातीच्या पत्राची वाट पाहत असतात.

ही वाट पाहणे नेमके काय असते, हे धोरणकर्त्यांनी समजून घेतल्याचे दिसत नाही. जोडीदाराच्या व्हिसाचा विचार आपल्याकडे कागदपत्रांची कटकट म्हणून होतो. वास्तविक तो सत्तेचा प्रश्न आहे. विवाह दोघांचा असला तरी परदेशी सरकारसमोर अर्ज एकाचाच असतो. जो आधीपासून तेथे आहे तो अर्जदार किंवा प्रायोजक, आणि जी येथे आहे ती त्याच्या अर्जाची लाभार्थी. अर्ज कधी भरायचा, पुढे न्यायचा की मागे घ्यायचा, हे सर्व त्याच्या हाती. (पत्नी तेथे आणि पती येथे अशीही उदाहरणे आता थोडी नाहीत. नियम लिंग पाहत नाही, समाज पाहतो.)

अमेरिकेचे उदाहरण घ्या. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पतीने आधी तेथील स्थलांतर खात्याकडे ‘आय-१३०’ हा अर्ज करायचा. नागरिकाच्या पत्नीला वार्षिक संख्यामर्यादा लागू नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला ती लागू आहे, आणि संसाराची पहिली वर्षे त्या रांगेत जाऊ शकतात. लग्न ठरवताना ‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या घरांत हा फरक क्वचितच विचारला जातो. अर्ज मंजूर झाला की प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. मग शुल्क, पुढचा अर्ज, पोलिसांचा चारित्र्य दाखला, नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आणि शेवटी मुलाखत. भारतातील स्थलांतरित व्हिसांचे बहुतांश काम मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात होते. त्यामुळे नागपूरची असो की नांदेडची, मुलाखतीच्या पहाटे मुलीने त्या रस्त्यावर फाइल छातीशी धरून उभे राहणे ओघानेच आले.

आणि त्या फाइलीत आपला समाज पानोपानी अडखळतो. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नवे नाव घरात कौतुकाचे असते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासपोर्टवर तिसरेच, असे झाले की प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील नामबदलाची जाहिरात यांची फेरी सुरू होते. आपली मधल्या नावाची पद्धत, म्हणजे लग्नापूर्वी वडिलांचे आणि नंतर पतीचे, ही परदेशी अधिकाऱ्याला दोन वेगळ्या स्त्रिया वाटू शकते. ज्यांचा जन्म वेळेवर नोंदला गेला नाही त्यांना ग्रामपंचायतीकडून किंवा पालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला आणावा लागतो, आणि तो देण्याची पद्धत गावागणिक बदलते. लग्न झाल्यावर मुलीने नाव तातडीने बदलू नये, निदान व्हिसा हाती येईपर्यंत तरी, असे मी निःसंकोच सुचवीन. सासरच्या मानापानापेक्षा कागदाची सुसंगती अधिक मोलाची आहे.

या फाइलीतील सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे ‘आय-८६४’ हे आर्थिक जबाबदारीचे प्रतिज्ञापत्र. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने ते कायदेशीर करार बनवले. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाएवढा आधार देण्याची हमी प्रायोजक त्यात सरकारला देतो. ही हमी घटस्फोटाने संपत नाही. पत्नी नागरिक होईपर्यंत, ठरावीक काळ काम करेपर्यंत किंवा देश सोडेपर्यंत ती टिकते, आणि पत्नी तिच्या आधारे न्यायालयात जाऊ शकते. पतीने स्वाक्षरी केलेल्या या कागदाची प्रत मागून घेणाऱ्या मुली किती असतील? विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी प्रवेश मिळाला तर वास्तव्य सशर्त असते, ही तरतूद १९८६ ची. दोन वर्षे संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून अट काढून घ्यायची. छळ किंवा घटस्फोट झाला असेल तर एकटीनेही अर्ज करता येतो, पण हे तिला माहीत असले तर.

त्याहून अवघड स्थिती ‘एच-४’ व्हिसावर जाणाऱ्यांची. संगणक क्षेत्रातील भरतीनंतर पुणे, हैदराबाद, बंगळूरमधून गेलेल्या हजारो उच्चशिक्षित पत्नी याच व्हिसावर गेल्या. त्यांचे वास्तव्य पतीच्या ‘एच-१बी’ला बांधलेले असते. नोकरी गेली की दोघांचे, घटस्फोट झाला की तिचे. मे २०१५ पासून काही ‘एच-४’धारकांना कामाची परवानगी मिळू लागली, तीही पती ग्रीन कार्डाच्या विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तरच. म्हणजे स्वतःच्या पदवीचा उपयोगही पतीच्या अर्जावर अवलंबून.

ब्रिटनचा इतिहास याहून कटू आहे. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर वाग्दत्त वधू म्हणून उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ती अविवाहित आहे की नाही हे ठरवण्यासाठी कौमार्य तपासणी करण्यात आली. त्यामागचे कारण प्रशासकीय होते, हेच अंगावर काटा आणणारे. तीन महिन्यांत लग्न करणाऱ्या वधूला आगाऊ व्हिसा लागत नसे, पत्नीला लागत असे. ‘गार्डियन’ने प्रकरण उघड केले आणि भारत सरकारने तीव्र निषेध नोंदवला. पुढे विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरकाव हा नव्हता हे अर्जदारानेच सिद्ध करण्याचा नियम आला, तो १९९७ मध्ये रद्द झाला. त्याची जागा हळूहळू पैशाने घेतली. २०१२ मध्ये प्रायोजकाच्या किमान उत्पन्नाची अट वर्षाला १८,६०० पौंड ठेवण्यात आली आणि कायम वास्तव्यासाठीची मुदत दोनवरून पाच वर्षांवर गेली. एप्रिल २०२४ मध्ये उत्पन्नाची अट २९,००० पौंड झाली. अर्जाचे शुल्क आणि वर्षाला १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार वेगळाच. मनाची परीक्षा बंद करून खिशाची सुरू केली, असे त्याचे वर्णन केल्यास चूक ठरू नये.

तरीही त्याच ब्रिटनने २०२४ च्या जानेवारीपासून एक दार उघडले. पत्नीला सुटीच्या निमित्ताने मायदेशी आणून, पासपोर्ट काढून घेऊन तेथेच सोडून देण्याचा प्रकार आपल्याकडे अनोळखी नाही. अशा सोडलेल्या पत्नीला परदेशातूनच, पतीच्या मदतीविना, परत येण्यासाठी अर्ज करता येतो. ज्या देशाची ती नागरिक नाही त्याने हा विचार केला. ज्या देशाची ती नागरिक आहे त्याने काय केले?

आपल्याकडे इशारे खूप झाले. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट केव्हा ग्राह्य धरायचा याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये घालून दिली. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यातील कारणांवर आणि पत्नीने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला असेल तरच, असा तिचा सर्वसाधारण आशय. १९९४ च्या एका प्रकरणात अमेरिकेच्या व्हिसाच्या आशेवर पत्नीने नोकरी सोडली, मग व्हिसाऐवजी विवाह रद्द करण्याची नोटीस आली. त्या निकालात न्यायालयाने अशा विवाहांसाठी कायदा करण्याचा विचार सरकारने करावा, असे सुचवले. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश आले. २००७ मध्ये महिला सबलीकरणविषयक संसदीय समितीने परित्यक्ता पत्नींवर स्वतंत्र अहवाल दिला. २००९ मध्ये विधी आयोगाने, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी विवाहांसाठी वेगळा कक्ष. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रवासी भारतीय मंत्रालयाने मार्गदर्शक पुस्तिका काढल्या, कायदेशीर मदतीची योजना आणली. जानेवारी २०१६ मध्ये ते मंत्रालयच परराष्ट्र खात्यात विलीन झाले. मदत सारी घटना घडून गेल्यावरची आहे.

२०१९ च्या विधेयकाकडेही भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी व्यक्तीने लग्नानंतर तीस दिवसांत नोंदणी करावी, न केल्यास पासपोर्ट जप्त करता यावा, परदेशातील आरोपीला संकेतस्थळावरून समन्स बजावता यावे आणि हजर न झाल्यास मालमत्ता जप्त व्हावी, हा त्याचा गाभा. नोंदणी आणि समन्स या तरतुदी योग्यच. पासपोर्टची तलवार मात्र दुधारी आहे. पासपोर्ट गेला की पतीचे तेथील वास्तव्य धोक्यात येते, नोकरी जाते आणि पोटगी वसूल करण्याचे साधनही जाते. शिवाय पत्नी त्याच्या व्हिसावर असेल तर तिचेही. दुसरी त्रुटी अधिक मोठी. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याला हे विधेयक लागूच होत नाही, आणि त्याच्याकडे जप्त करायला भारतीय पासपोर्टही नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात ही उणीव हेरली आणि परदेशस्थ भारतीय कार्डधारकांनाही सामावणारा सर्वंकष कायदा, तसेच पती-पत्नीचे पासपोर्ट परस्परांशी जोडण्याची शिफारस केली. तिसरी अडचण काळाने निर्माण केली. विधेयक ज्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती सुचवते ती संहिताच १ जुलै २०२४ रोजी अस्तंगत होऊन तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. म्हणजे राज्यसभेत मांडलेला मजकूर आहे तसा मंजूर करणेही आता शक्य नाही. तो नव्याने लिहावाच लागेल, आणि नव्याने लिहायचाच असेल तर आयोगाच्या शिफारशी त्यात घेण्यास कोणाची हरकत असावी?

परदेशी सरकारांना बोल लावताना आपला आरसाही पाहावा. भारतीयाशी लग्न करून येथे येणाऱ्या परदेशी जोडीदाराला नागरिकत्वाच्या नोंदणीसाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. परदेशस्थ भारतीय कार्ड मिळण्यासाठी विवाहाची नोंद होऊन तो दोन वर्षे टिकलेला असावा लागतो, आणि विवाह संपला की जोडीदार म्हणून मिळालेले हे कार्ड रद्द होऊ शकते. तेथील ‘एच-४’ आणि येथील हे कलम यांच्यामागची दृष्टी फार वेगळी नाही.

कायद्याची वाट न पाहताही काही होऊ शकते. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, आणि नोंदणीच्या वेळी अनिवासी वराचा पासपोर्ट, व्हिसाचा प्रकार आणि परदेशातील पत्ता नोंदवून घेण्यास राज्य सरकारला कोणी अडवलेले नाही. अमेरिकेच्या २००५ च्या विवाहमध्यस्थविषयक कायद्यानुसार वाग्दत्त वधूच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्याचा गुन्हेगारी पूर्वेतिहास वधूला कळवला जातो, तिला हक्कांची पुस्तिका दिली जाते. ती पुस्तिका मराठीत, तेलुगूत, पंजाबीत करून विवाह नोंदणी कार्यालयात ठेवणे हे एका परिपत्रकाचे काम आहे. मुलीनेही जाण्यापूर्वी विवाहाच्या दाखल्याची मूळ प्रत, पतीच्या अर्जाच्या मंजुरीची सूचना आणि आपल्या व्हिसाची प्रत माहेरी ठेवावी, बँकेतील आपले खाते बंद करू नये, आणि परदेशी न्यायालयाचा कागद आला तर तो सासऱ्यांच्या हाती न देता वकिलाकडे न्यावा. नोकरीचा राजीनामा तर व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर उमटल्याखेरीज देऊच नये.

आखातात मजुरीला जाणाऱ्या कामगारासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ मध्ये एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण सुरू केले. करार कसा वाचावा, पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये, दूतावास कोठे आहे, हे त्यात सांगितले जाते. पत्नी म्हणून जाणारीसाठी असा एक दिवस अद्याप कोणत्याही मंत्रालयाच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. त्यासाठी ना विधेयक लागते, ना स्थायी समिती.