पाहिले कोणी?

माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी हा जुनाच आक्षेप पुन्हा घेतला. असे काही पाहिल्याचे पूर्वजांनी सांगितले नाही, लिहिलेही नाही. तेव्हा डार्विन चूक, त्याला शाळेतून काढा, असे त्यांचे म्हणणे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाने ते खोडले. आक्षेप मात्र घरोघरी ऐकू येतो, म्हणून त्याला त्याच्याच भूमीवर उत्तर द्यायला हवे.

दिसले तेवढेच खरे, हे मत आपल्याकडे चार्वाकाचे. वेद मानणाऱ्या एकाही दर्शनाने प्रत्यक्ष हे एकमेव प्रमाण धरलेले नाही. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो, हे नैयायिकांनी शतकानुशतके शिकवले. आणि पूर्वज बोलले नाहीत म्हणून घडले नाही, असेही ठरत नाही. गुणसूत्रांबद्दलही ते बोललेले नाहीत. सिंह स्वतः मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पाहणारा कोणी नसताना बोटांच्या ठशांवरून गुन्हा कसा उभा राहतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

इथला ठसा आपल्या पेशीतच आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे, याचा जाब उत्क्रांतिवादाला द्यावाच लागतो. जोडीच्या जोडी गळून पडती तर जीव तगला नसता. म्हणजे दोन गुणसूत्रे कुठेतरी सांधली गेली असली पाहिजेत. तो सांधा सापडला. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर नावाची ठरावीक अक्षरांची साखळी असते. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ती मध्येच आढळते, दोन टोके एकमेकांना भिडावीत तशी उलटसुलट. शिवाय गुणसूत्राला सेंट्रोमिअर एकच लागतो. इथे निकामी झालेल्या दुसऱ्याच्याही खुणा आहेत. एवढा धूर दिसल्यावर विस्तव नाकारायचा कसा?

दुसरा पक्ष गोडीने बोलतो : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... उत्क्रांती आपल्याला आधीच ठाऊक होती! हेही मला मान्य नाही. मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला नाही. दर वेळी तोच विष्णू जगाच्या हाकेला धावून आला. ही करुणेची कथा आहे, वंशावळ नव्हे. तिला जीवशास्त्राचा दाखला जोडल्याने तिचे मोल वाढत नाही, उलट तिचा अर्थच हरवतो.

श्रद्धेला अशा दाखल्याची गरजही नाही. उत्क्रांतीच्या आधुनिक मांडणीचा एक शिल्पकार थिओडोसियस डोबझान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती आता नुसते गृहीतक राहिलेली नाही, हे मान्य केले. जग कोणी आणि कशासाठी निर्माण केले, हे ज्याला विचारायचे त्याने जरूर विचारावे. पेशीतला सांधा मात्र झाकू नये.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात आता नुसती ‘आनुवंशिकता’ उरली आहे, उत्क्रांती वगळली गेली. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांना ती शाळेत पुन्हा भेटत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. त्याला कोणीही हात लावता कामा नये.