कुंभकोणमच्या पानावरचा भात

दरवर्षी १४ नोव्हेंबरला आपल्या देशात एकाच दिवशी दोन सोहळे पार पडतात. सकाळी जिल्ह्याच्या गावी जागतिक मधुमेह दिनाची पदयात्रा निघते. आणि त्याच दिवशी बालदिन असल्यामुळे, तासाभराने शाळाशाळांतून मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटली जातात. पहिल्या सोहळ्यातील भाषणाचा मसुदा मला आता तोंडपाठ झाला आहे. मधुमेह हा जीवनशैलीचा आजार आहे. लोक अति खातात, गोड खातात, चालत नाहीत. तेव्हा नागरिकांनी संयम पाळावा. वक्ता बहुधा माझ्यासारखाच पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला अधिकारी असतो आणि तो सरकारी मोटारीतून आलेला असतो.

प्रस्तुत लेख या ‘जीवनशैली’ शब्दाविरुद्ध आहे. शैली म्हटली की निवड आली, आणि निवड म्हटली की दोष निवडणाऱ्याचा. ज्याच्यापुढे दोन पर्याय कधी मांडलेच गेले नाहीत, त्याच्या खाण्याला शैली म्हणणे ही प्रशासनाने आपली जबाबदारी रुग्णाच्या खात्यावर टाकण्याची सोयीस्कर रीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आकडे पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे २०२१ सालच्या हिशेबाने दहा कोटींहून अधिक मधुमेही. गोव्यात प्रमाण २६.४ टक्के, तमिळनाडूत १४.४, उत्तर प्रदेशात ४.८. चेन्नई शहराचे आकडे त्याहून जुने आहेत व म्हणून अधिक बोलके आहेत : १९८९ मध्ये ८.३ टक्के, २००४ मध्ये १४.३. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा महानगराचा नाही. २००६ मधील एका पाहणीत चेन्नईत १८.६ टक्के, कांचीपुरमसारख्या मध्यम गावात १६.४ टक्के आणि आसपासच्या खेड्यांत ९.२ टक्के प्रौढ मधुमेही आढळले. मध्यम गाव आणि महानगर यांच्यात अंतर असे उरलेलेच नाही.

अशाच एका मध्यम गावाचे, कुंभकोणमचे, उदाहरण घेऊन पुढे बोलतो. निवड केवळ भावनिक नाही, जरी मराठी माणसाला त्या गावाविषयी आपुलकी वाटण्यास कारणे आहेत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात तंजावर घेतले, आणि १८५५ पर्यंत ते राज्य भोसल्यांकडे राहिले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांची दिवाणगिरी गाजवणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते कुंभकोणमलाच, आणि त्यांच्या घराण्याची भाषा मराठी होती. सांबार हा तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यातला शोध, अशी आख्यायिकाही आहे. ती खरी असो वा नसो, त्यातली तूरडाळ मला पुढे उपयोगी पडणार आहे.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेले हे गाव म्हणजे भाताच्या समुद्रातले बेट. मेट्टूर धरणाचे पाणी रीतीप्रमाणे १२ जूनला सुटते, आणि मग कुरुवै, सांबा, तालडी असे भाताचे हंगाम एकामागून एक येतात. येथील जेवणाचे पान तुम्ही पाहिले असेल : सांबाराशी भात, नंतर रसमाशी भात, शेवटी ताकाशी भात. आता कोणी म्हणेल, ही तर हजार वर्षांची परंपरा. यात सरकारचा काय संबंध?

संबंध फार जवळचा आहे, आणि तो कागदोपत्री आहे. १९६० च्या सुमारास केंद्र सरकारने सघन शेतीसाठी देशातले जे पहिले सात जिल्हे निवडले, त्यांत तंजावर होता. कुंभकोणमपासून हाकेच्या अंतरावरील अडुतुरै येथील संशोधन केंद्रातून त्याच दशकात ए.डी.टी. २७ हे भाताचे वाण बाहेर पडले. १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, आणि त्याचे पहिले जिल्हा कार्यालय उघडले तेही तंजावरला. बियाणे, खत, कर्ज, हमीभाव, खरेदी, गोदाम आणि शेवटी रेशन दुकान अशी एक अखंड साखळी आमच्याच खात्यांनी उभी केली. १९६७ मध्ये अण्णादुराई स्वस्त तांदळाच्या आश्वासनावर निवडून आले. २००८ मध्ये तमिळनाडूत रेशनचा तांदूळ किलोला एक रुपया झाला आणि २०११ पासून तो फुकट मिळू लागला. हजार वर्षे जो भात कुणब्याच्या पानावर बेताने पडत होता, तो पन्नास वर्षांत अमर्याद आणि विनामूल्य झाला. गिरणीच्या पॉलिशमुळे त्याचा कोंडाही निघून गेला.

गैरसमज नको. या साखळीने उपासमार संपवली. साठीच्या दशकातली टंचाई ज्यांनी पाहिली ते फुकट तांदळाची टिंगल करणार नाहीत, आणि मीही करत नाही. माझा आक्षेप प्रमाणाला आहे. हिशेब करून पाहा. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला वीस किलो तांदूळ मिळतो. त्याच कार्डावर सवलतीची तूरडाळ मिळते एक किलो, आणि पामतेल एक लिटर. डाळीची वाटणी माणशी रोज आठ ग्रॅम पडते : दोन लहान चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आदर्श ताटात डाळ, अंडी वगैरे प्रथिनांचा वाटा रोज ८५ ग्रॅम आहे. एका सरकारी संस्थेने ८५ लिहायचे आणि दुसऱ्या सरकारी दुकानाने आठ मोजायचे; उरलेले सत्त्याहत्तर मजुराने बाजारभावाने घ्यावेत, आणि न घेतल्यास ती त्याची ‘जीवनशैली’!

येथे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक साधी गोष्ट नोंदवतो. एका वस्तूची किंमत शून्य केली की बाकी सर्व वस्तू तुलनेने महाग होतात. पोट भातावर भरते आणि भाजी-डाळ तोंडीलावण्यापुरती उरते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच राष्ट्रीय पाहणीच्या आहारविषयक भागानुसार भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात.

हाच अभ्यास आणखी एक फुगा फोडतो. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ खाल्ले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा भाग काढून त्या जागी डाळी-दुधाची प्रथिने आली तेव्हा तो कमी दिसला. २०२३ चे भरडधान्य वर्ष साजरे करताना आम्ही सरकारी बैठकांतून नाचणीची बिस्किटे खाल्ली, त्यांतल्या साखरेसकट. माझ्या ज्वारीप्रेमी मराठी मित्रांना हे आवडणार नाही. पण भाकरीवर भाकरी खाणे हा भातावर भात खाण्याला उतारा नव्हे.

दुसरा आवडता बचाव आनुवंशिकतेचा. आपले रक्तच तसे, मग कोण काय करणार? याला मॉरिशसचे उत्तर आहे. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून करारबद्ध मजूर गेले, त्यांत मराठीही होते. १९८७ मधील पाहणीत तेथील हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि चिनी या चारही समाजांत मधुमेहाचे प्रमाण जवळपास सारखेच, दहा टक्क्यांच्या वर आढळले. रक्त चार प्रकारचे, रोग एक. समान होते ते बेट, त्याचा बाजार आणि त्याचे रेशन. पुढे तेथील सरकारने सवलतीच्या खाद्यतेलातले पामतेल काढून बहुतांशी सोयाबीनचे तेल आणले, आणि १९९२ पर्यंत लोकांचे सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे पंधरा टक्क्यांनी उतरले. त्यात या तेलबदलाचा मोठा वाटा होता. मधुमेह काही त्याने हटला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एका आदेशाने अख्ख्या राष्ट्राच्या रक्तातला एक घटक बदलू शकतो, हे सिद्ध झाले. आमच्या रेशनवर पामतेल अजून आहे.

आनुवंशिकतेच्या प्रश्नाला पुण्यानेही उत्तर दिले आहे, आणि ते अधिक खोल आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. पण आपली ही लहानखुरी बाळे स्नायूंनी कृश असली तरी चरबीने नव्हती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारीशेजारी छायाचित्र छापले : दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३, चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे हाडकुळा दिसणारा शेतमजूरही आतून स्थूल असू शकतो, आणि त्याची पायाभरणी आईच्या उदरात, तिच्या अपुऱ्या पोषणावर झालेली असते. अशा शरीरावर विसाव्या वर्षापासून फुकट भाताचा भार पडतो, लावणीला यंत्र येते, कापणीला यंत्र येते, घरापासून शेतापर्यंत मोटारसायकल येते. त्या मजुराला पदयात्रेत चालायला सांगणे हा विनोद आहे.

तरीही हा श्रीमंतांचा रोग, ही समजूत आमच्या वित्त विभागात अद्याप जिवंत आहे. प्रगत राज्यांच्या शहरी भागांत गरिबांमधील प्रमाण श्रीमंतांहून अधिक झाल्याचे २०१७ मध्येच प्रसिद्ध झाले. श्रीमंताने भात कमी करून बदाम घेतले. ज्याला फुकट तांदूळ मिळतो तो बदाम कशाने घेणार?

करांकडेही पाहा. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत बिस्किटे, चॉकलेट, आइस्क्रीम १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले. पाकीटबंद डाळीवरही पाचच. आणि फसफसणारे पेय साखरेचे असो वा बिनसाखरेचे, दोहोंवर चाळीस. ज्या कराला साखर ओळखताच येत नाही, तो आरोग्याच्या कामाचा नाही.

मग करावे काय? तमिळनाडू सरकार काहीच करत नाही असे नाही. ऑगस्ट २०२१ पासून तेथे मधुमेह व रक्तदाबाची औषधे घरपोच दिली जातात, आणि ती योजना उत्तम आहे. पण तांदूळ देणारे खाते वेगळे, गोळ्या देणारे वेगळे. आणि पहिल्याच्या फाइलवर दुसऱ्याची सही लागत नाही. दिल्लीतही तेच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अन्न अनुदान सुमारे दोन लाख कोटी रुपयांचे होते, आरोग्य मंत्रालयाचा एकूण खर्च त्याच्या निम्मा. मोठ्या रकमेचा लहान रकमेवर काय परिणाम होतो, हे तपासण्याचे काम कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही.

भात काढून घ्या, असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणारा निवडणूक हरेल आणि ते योग्यच होईल. कार्डधारकाला पर्याय द्या : वीस किलोंपैकी पाच किलो तांदूळ नको असेल, तर त्याच्या सरकारी खर्चाइतकी डाळ वा अंडी. सरकारला एक पैसाही अधिक पडणार नाही. डाळ आणायची कोठून, हा प्रश्न अधिकारी लगेच विचारतील. कुंभकोणमच्या शिवारातच भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर उडीद आणि मूग पेरतात, पिढ्यान्‌पिढ्या पेरत आले आहेत. भातासाठी गावोगाव सरकारी थेट खरेदी केंद्र उघडते; पाठोपाठ येणाऱ्या उडदासाठी त्याच केंद्राचे कुलूप आणखी महिनाभर उघडे ठेवता येईल. काटा तोच, कारकून तोच, गोदाम तेच. फक्त आदेश नवा लागेल, आणि त्यावर अन्न सचिवांखाली आरोग्य सचिवांची सही.